तात्या उभे होते तिथवर रस्ता

माझं नाव भीमराव. तमिळ जिभेला भ येत नाही म्हणून गावातले अस्के लोक पीमराव म्हणतात, अस्के म्हणजे सगळे, तुमच्या पुण्याकडे हा शब्द नाही म्हणून परवा तुम्हीच सांगितलंत, बाई. आमची मराठी अशीच आहे बघा, अर्धी पणजोबांची नि अर्धी बाजारातली, हसू आलं तर हसा, पण लिहिताना फार सुधारू नका. जन्म इथलाच, तंजावुरातला, राजवाड्याच्या मागच्या गल्लीतला. बाप झटका हाकायचा, झटका म्हणजे घोडागाडी, स्टेशनापासून थोर, म्हणजे मोठ्या, देवळापर्यंत नि देवळापासून स्टेशनापर्यंत, जन्मभर तेवढंच. आई ओरत्तनाडूची, छत्राशेजारच्या, म्हणजे धर्मशाळेशेजारच्या घरातली. आणि आमचा मुलूख कसा, तर ताटासारखा सपाट. कावेरीचं पाणी, भाताची शेतं, कालवे, कालव्याच्या काठानं सरळ रस्ता. मान वर केली की देवळाचं शिखर दिसे, त्याहून उंच काही असतं हे मला विशी उलटेपर्यंत ठाऊकच नव्हतं. ठाऊक म्हणजे ऐकून होतो, पण ऐकणं नि पाहणं निराळं.

बापाचा घोडा म्हातारा झाला, मेला, दुसरा घेतला नाही, तोवर मोटारी आल्या होत्या. मी लॉरीच्या शेडात लागलो, आधी गाड्या धुवायच्या, मग चाकं काढायची, मग हळूहळू कुणी नसताना गाडी शेडाबाहेर घ्यायची, असं करत शिकलो. लायसन झालं. मग कुंभकोणम लाइनच्या बसवर ड्रायव्हर. मधे पापनाशम लागतं, तिथं कंडक्टर काप्पी, म्हणजे कॉफी, पिई, मी पाण्याचा डबा तपासे, मग तो दार आपटून ओरडे, पोलाम, रैट, म्हणजे चला आता, आणि आम्ही निघायचो. त्या रस्त्याला भ्यायचं ते फक्त म्हशीला. म्हैस मधे आली तर. नाहीतर डोळे मिटून चालवावी.

तिथं तात्या भेटले. तात्या म्हणजे इंजिनियर माधवराव, तमिळ लोक त्यांना इंजिनियर रायर म्हणत, आम्हा मराठी माणसांना ते लोक रायरच म्हणतात, आणि गल्लीतले आम्ही अस्के तात्या म्हणायचो. सरकारी नोकरीत जन्मभर रस्ते बांधले, तेही डोंगरातले. असाच कुठल्याशा डोंगरात सुरुंग लावताना दगड येऊन पायावर पडला, तेव्हापासून डावा पाय गुडघ्यात वाकत नसे, काठी घेऊन चालायचे. पेन्शनीत आले होते. कामानिमित्त पापनाशमला माझ्या बसनं येत, नेहमी पुढच्या बाकावर, आणि बाहेर बघत नसत, माझे हात नि पाय बघत. मला वाटे, हा म्हातारा काय बघतो. एक दिवस उतरताना म्हणाले, माझ्याकडे एक काळी गाडी आहे विलायती, पायामुळं मला चालवता येत नाही, येतोस का म्हणून. मी गेलो. काकींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, मी पसंत नव्हतो. काकी म्हणाल्या पोर आहे हा, जरा मोठा माणूस बघा. तात्या म्हणाले याचा पाय ब्रेकवर हळू पडतो, मला तेवढं पुरे.

आता तात्यांचं सांगायचं तर आधी त्यांची भिंत सांगायला हवी. दिवाणखान्याची एक भिंत त्यांनी रस्त्यांच्या चित्रांनी भरवली होती. मासिकांतून कापलेली, कॅलेंडरातली, कुणाकुणाकडून मागून आणलेली. जगातले डोंगरी रस्ते. स्वित्झर्लंडातला एक, डोंगराच्या छातीवर जानवं पडावं तसा. दक्षिण अमेरिकेतल्या कुठल्या देशातला, नाव मला येत नाही, कड्याच्या पोटातून एक बस चाललेली नि खाली ढग. नॉर्वेचा, समुद्रातून निघून वर चढणारा. खैबरचा. दार्जिलिंगचा, रूळ नि रस्ता एकमेकांना गाठी मारत जाणारा. संध्याकाळी आम्ही तिण्णैवर, म्हणजे ओट्यावर बसायचो आणि तात्या त्यातलं एकेक चित्र घेऊन सांगायचे, हे बघ भीमराव, इथं त्यानं पाण्याला आधी वाट करून दिलीय म्हणून रस्ता टिकला, आणि इथं बघ, वळण रुंद ठेवलंय, गाडीला श्वास घ्यायला जागा. यातला एकही रस्ता त्यांनी पाहिला नव्हता. जायचं म्हणत. एकदा स्वित्झर्लंडाला जायचं, म्हणत. आतून काकी म्हणत, आधी भिंतीला चुना लावू द्या, मग जा कुठं जायचं ते.

जगाचं राहिलं, पण इकडचे आहेत ते तरी बघू म्हणून दर उन्हाळ्यात आम्ही निघायचो. पहिला डोंगर येरकाडचा. काय सांगू तुम्हाला. खालची वळणं ठीक गेली, दोन्हीकडे झाडी होती. मग झाडी संपली आणि एका हाताला काहीच नाही. आम्ही सपाट मुलखातली माणसं, आमच्या डोळ्यांना जमीन लागते, कुठंही पाहिलं की पुढं जमीन असतेच. इथं डोळा गेला तो गेलाच, त्याला धरायला काही नाही. हात घामानं भिजले, पाय लाकडाचे झाले, आणि सगळ्यांत वाईट हे, की ती दरी मला ओढायला लागली, खरंच ओढायला लागली, बघायचं नाही म्हटलं तरी मान तिकडे वळे. गाडी कडेला घेतली आणि म्हटलं तात्या, इंजिन तापलंय.

तात्या म्हणाले, इंजिन तापलेलं नाही. तू गार पडलायस.

हसले नाहीत. रागावलेही नाहीत. मी म्हटलं उद्या दुसरा ड्रायव्हर बघा, मला हे होणार नाही. त्यांनी काठीनं रस्त्याच्या कडेचा पांढरा दगड दाखवला, चुना लावलेले दगड असतात ना ओळीनं, ते. म्हणाले, जिथं डोळा जातो तिथं हात जातो, हात जातो तिथं गाडी. दरी बघायचं काम माझं, मी त्यासाठीच आलोय. तू दगड बघ. दगड आहे तिथवर रस्ता आहे, त्याच्या पलीकडचं जग तुझं नव्हे. असं म्हणून त्यांनी मला काप्पी पाजली नि परत बसवलं, आणि मी दगड बघत बघत वर गेलो, दगड बघत बघत खाली आलो.

तेव्हापासून ऊटी झालं, कुन्नूर झालं, वालपारै झालं, कोडाई तर कितीदा. गल्लीत लोक विचारत, काय रे पीमराव, कोडाईला काय काय पाहिलंस? मी म्हणे दगड. त्यांना थट्टा वाटे. पण खरंच, ज्या रस्त्यांसाठी माणसं लांबून येतात त्या रस्त्यांचं मी काही पाहिलेलं नाही, धबधबा नाही, ढग नाही, काही नाही. तात्या शेजारी बसून सांगत, अहाहा, भीमराव, खाली काय हिरवं दिसतंय. मी म्हणे असू द्या. मागे काकी डोळे मिटून बसत, जप करत. आम्हा तिघांत बघणारा एकच माणूस.

भीती गेली म्हणून समजू नका. भीती होतीच. फक्त तिला बसायची जागा ठरली होती.

आता गोदाचं सांगतो. गोदा त्यांची एकुलती लेक. शिकलेली, मास्तरणीचं ट्रेनिंग घेत होती. खोकला लागला, ताप राहीना जाईना, एक दिवस रुमालात रक्त. त्या काळात छातीचं दुखणं म्हटलं की माणसं दार लोटून घेत. गल्लीतल्या बायका काप्पीला येईनाशा झाल्या, लग्नाची बोलणी चालली होती ती कुणी पुन्हा काढली नाहीत. तिला कोडाईला डोंगरावरच्या दवाखान्यात ठेवली, थंड हवेत, वर्षाच्या वर ती तिथं एका खाटेवर. आमचं कोडाईला जाणं मग हौसेचं राहिलं नाही. आम्ही जायचो, काकी सांडगे-लोणची घेऊन, तात्या मासिकं घेऊन, आणि तिला तिथंच ठेवून परतायचो.

मग बरी झाली म्हणून निरोप आला. घरी न्या, पण दमवू नका, भिजू देऊ नका, काही महिने चढ चढायला लावू नका, परत छातीवर आलं तर आमच्या हातात नाही. दिवाळी होऊन गेली होती, आमच्याकडे पाऊस तेव्हाच, धो धो. काकी म्हणाल्या पाऊस थांबू द्या. तात्या म्हणाले, पोरीनं त्या खाटेवर दोन पावसाळे काढले, आता एक दिवसही नाही. तिरुची, दिंडुक्कल करत आम्ही गेलो, वर चढताना पाऊस बारीक होता, रात्री तिथं मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी तिला घेऊन उतरायला लागलो. माझ्या डाव्या हाताला तात्या, मागे माझ्या पाठीशी काकी, आणि त्यांच्या शेजारी डाव्या खिडकीशी गोदा, शालीत गुंडाळलेली, इतकी हलकी झाली होती की ती बसली तर गाडी दबली नाही.

उतरताना दरी डाव्या हाताला. पाऊस वाढला. मग धुकं. पुढचा दिवा लावला तर धुकंच उजळे, रस्ता नाही. तात्यांनी शिकवल्याप्रमाणे मी दगड बघत होतो, एक दगड, मग दुसरा दगड. एक चहाची टपरी लागली, तिथं रस्ता चांगला रुंद होता, तात्या म्हणाले थांबू या का, आणि काकी म्हणाल्या आता नको, खाली जाऊन थांबू. म्हणून गेलो पुढं. टपरीनंतर एक लांब वळण, डोंगराला वळसा घालून, ते घेतलं आणि मी ब्रेक दाबला, कारण पुढं रस्ताच नव्हता. वरून माती आली होती, तांबडी, आणि तिच्यात एक थोर झाड मुळासकट आडवं.

तात्या छत्री न घेता उतरले. डोंगराच्या पायथ्याशी गेले, काठी मातीत खुपसली, ती अर्धी आत गेली. तिथून पाणी निघत होतं, ते ओंजळीत घेऊन बघितलं. मग आमच्या डोक्यावरच्या झाडांकडे बघितलं, झाडं पुढं कलली होती, अस्की एकाच बाजूला. परत आले आणि इतक्या सावकाश बोलले की मला त्या सावकाशपणाचीच भीती वाटली. म्हणाले, पाणी गढूळ येतंय, म्हणजे डोंगर आतून सुटलाय. हाही तुकडा जाणार. भीमराव, गाडी मागं घ्यायची, टपरीपर्यंत, आता लगेच.

वळवायला जागा नाही. मागं घ्यायची म्हणजे चढावर, धुक्यात, ते लांब वळण उलट. आणि मी बसलेला उजव्या बाजूला, दरी डाव्या बाजूला, ती कड मला दिसतच नाही. मागच्या काचेवर वाफ. आणि दगड? मी उतरून बघितलं, त्या तुकड्यावरचे दगड पावसानं नेले होते. एकही नाही. जिथं दगड असायचे तिथं गवत, नि गवताखाली जमीन आहे की नुसतं गवतच आहे हे कुणाला ठाऊक.

मी म्हटलं गाडी राहू दे इथं, मी गोदाक्कांना पाठीवर घेऊन चढतो. तात्या म्हणाले, तू तिला नेशील, पण ती भिजेल, आणि हा माझा पाय, हिचं वय, आपण अस्के या मातीखालून रांगत जाणार, तेवढा वेळ हा डोंगर देणार नाही. तेवढ्यात एक दगड येऊन बॉनेटवर आपटला, नारळाएवढा. तात्या म्हणाले गाडीत डोक्यावर पत्रा तरी आहे. काकींनी विचारलं, आणि तुमच्या डोक्यावर?

तात्या मला म्हणाले, मी मागं कडेवर उभा राहतो. मी उभा आहे तिथवर रस्ता आहे.

मी म्हटलं तात्या, मला जमणार नाही. धक्का लागला तर?

म्हणाले, तर लागू देऊ नकोस.

आणि गेले. काठी टेकत टेकत, गाडीच्या मागे, धोतर भिजून पायांना चिकटलेलं, धुक्यात शिरले. मी खिडकीतून अर्धा बाहेर लवलो, पण उजवीकडून मला डोंगर दिसे, ते दिसत नसत. आरशात काचेवरची वाफ. तेव्हा गोदा उठली. सीटवर गुडघे टेकून मागं तोंड केलं, शालीच्या टोकानं काच पुसली आणि म्हणाली, मला दिसतात. मी सांगते. तिचा आवाज बारीक, वर्षभर कुणाशी मोठ्यानं बोललेली नाही, पण स्वच्छ. म्हणाली, बाबा हात हलवतायत, ये म्हणून.

मी गिअर टाकला. चाक फिरलं, घसरलं, पकडलं. गोदा म्हणाली दिसतात. मी क्लच पुरता सोडत नव्हतो, अर्धा धरून ठेवला होता, जळका वास यायला लागला. दिसतात. थोडं उजवीकडे म्हणतायत. दिसतात. थांबा. मी थांबलो. तात्या आणखी मागं सरकत, पुन्हा कडेवर उभे राहत, आणि गोदा म्हणे या. गाडीचं तोंड उताराला, पाय जरा चुकला तर पुढं घसरून त्या मातीत जाणार, आणि जास्त दाबला तर मागं, तात्यांच्या अंगावर. दोन्हीकडे मरण आणि मधे माझा एक पाय. मला काही दिसत नव्हतं. मी फक्त त्या पोरीचं दिसतात, दिसतात ऐकत होतो, त्या शब्दावर गाडी चालवत होतो. काकींचा जपही थांबला होता. पत्र्यावर बारीक खडे पडत होते, कुणी वरून तांदूळ टाकावेत तसे.

वळणाच्या पोटात आलो, अर्धं झालं असेल. दिसतात, म्हणाली. दिसतात. मग काही बोलली नाही.

मी ब्रेक दाबला. म्हटलं गोदाक्का? ती काच पुसत होती, जोरानं पुसत होती. म्हणाली, बाबा दिसत नाहीत.

आता हे कसं सांगू तुम्हाला. मला धक्का लागल्यासारखं वाटलं नव्हतं. पण मला कळलं असतं का? ओल्या रस्त्यावर, एवढ्या जड गाडीला, एक म्हातारा माणूस. हे डोक्यात आलं, पण ब्रेकवरचा पाय उचलता येत नव्हता, त्या उतारावर नुसत्या हँडब्रेकवर गाडी सोडायचा मला धीर होईना, आत गोदा होती. म्हणजे मी उतरून बघूही शकत नाही. गोदा दाराला हात घालत होती, मी ओरडलो, गोदाक्का, बसा, भिजायचं नाही तुम्हाला. जन्मात तिच्यावर तेवढं एकदाच ओरडलो.

काकी उतरल्या. दार उघडलं, लुगड्याचा काष्टा घट्ट केला आणि मागं गेल्या. मग फक्त पाऊस. मला त्यांचा आवाज ऐकू यावा म्हणून इंजिन बंद करावंसं वाटे, आणि बंद केलं नि परत सुरू झालं नाही तर, म्हणून करवेना. गोदा काचेला कपाळ लावून बसली होती. मग तिनंच सांगितलं, आई ओढतेय. आईनं धरलंय.

गाडीचा धक्का नव्हता. कडेची माती त्यांच्या न वाकणाऱ्या पायाखालून सुटली होती, तो पाय बाहेर लोंबत होता, पोटावर पडले होते, आणि काठी गवतात आडवी रुतली तेवढ्यावर थांबले होते. ओरडले नाहीत, कारण ओरडलं तर मी घाबरून ब्रेक सोडेन म्हणून. हे त्यांनी नंतर सांगितलं. काकींनी कोटाच्या कॉलरला धरून त्यांना रस्त्यावर ओढलं, ती बाई केवढी, माझ्या खांद्याला लागत नाही, आणि धरून आणून माझ्या शेजारी बसवलं. अंगभर चिखल, हनुवटी फुटलेली, काठी गेली दरीत. मी म्हटलं आता काय? तात्यांना धाप लागली होती.

काकी म्हणाल्या, मी उभी राहते.

तात्या म्हणाले, तुला कड कळायची नाही.

काकी म्हणाल्या, पायाखाली जमीन आहे की नाही एवढं मला कळतं. भीमराव, चल तू.

काकी एवढ्या वर्षांत माझ्याशी जेवलास का आणि हळू चालव, एवढंच बोललेल्या. त्या जाऊन कडेवर उभ्या राहिल्या, तांबडं लुगडं होतं, धुक्यात ते तात्यांच्या धोतरापेक्षा बरं दिसे, गोदाचा आवाज पुन्हा सुरू झाला. आई दिसते. आई दिसते. डावीकडे घ्या थोडं. आई पायानं चाचपतेय, थांबा. आता या. आई दिसते. आणि शेजारी तात्या, जगातले रस्ते बघणारा माणूस, डोळे घट्ट मिटून बसले होते. दोन्ही हात मांडीवर, मुठी वळलेल्या. मी एकदाच बघितलं त्यांच्याकडे, परत नाही बघितलं.

वळण सुटलं. उजव्या हाताला डोंगर मागं सरला, टपरीचा पत्रा दिसला, चुलीचा धूर दिसला. गाडी रुंद जागेत घेतली, चाकांपुढे धोंडे लावले. टपरीवाली बाई, एकटीच होती तिथं, तिनं गोदाला आधी आत घेतलं, चुलीशी बसवलं. काकी चालत आल्या, गुडघ्यापर्यंत चिखल, आल्या त्या गोदाच्या पायांना हात लावून बघायला लागल्या, ओले आहेत का म्हणून. अंधार पडायच्या आधी तो आवाज आला. मोठा म्हणावा तर मोठा नाही, धान्याचं पोतं ओतल्यासारखा, पण थांबेना, बराच वेळ थांबेना. सकाळी रस्त्याची माणसं आली, ती म्हणाली टपरीच्या खालचं वळण अख्खं गेलंय, आता खाली नुसता ओढा आहे.

रस्ता परत होईस्तोवर आम्ही टपरीवालीकडेच राहिलो. संकट तिथं संपलं म्हणून तुम्ही म्हणाल, पण काकींचं संपलं नव्हतं. पोरगी भिजली नव्हती, पण धूर, थंडी, ती भीती. काकी सारखा तिच्या कपाळाला हात लावत, छातीला कान लावत. तात्या कोपऱ्यात बसून तिच्याकडे बघत, काकींकडे बघत नसत. एकदाच म्हणाले, तू सांगितलं होतंस थांबा म्हणून. काकी म्हणाल्या, टपरीवर तुम्ही थांबा म्हणालात, मी नको म्हटलं. झालं ते झालं, भात खा. गोदाला ताप आला नाही. तंजावुरात आलो तेव्हा तिच्या गालाला रंग होता.

त्यानंतर बरेच दिवस तात्यांनी रस्त्याचं नाव काढलं नाही. पोंगलला घराला चुना लावायचा म्हणून भिंतीवरची चित्रं त्यांनी स्वतःच्या हातानं उतरवली, दोरीनं बांधली आणि म्हणाले रद्दीत दे. मी दिली नाहीत, काकींनी देऊ दिली नाहीत. चुना वाळला, आणि एक दिवस दुपारी बघतो तर काकी स्टुलावर चढून एकेक चित्र परत लावतायत, कुठलं कुठं होतं ते त्यांना अस्कं ठाऊक. मला म्हणाल्या, उन्हाळ्यात कोडाईला जायचं, गाडी बघून ठेव. मी म्हटलं काकी, तुम्ही? म्हणाल्या, त्या दिवशी मी दरीकडे पाठ करून उभी होते रे. इतकी वर्षं डोळे मिटून गेले, आणि उघडले तेव्हा पाठ होती. मागं काय आहे ते मी बघितलंच नाही.

गेलो. कोरडा रस्ता, नवं वळण, नवे दगड. त्यांनी गाडी थांबवायला लावली, उतरल्या, कडेशी जाऊन उभ्या राहिल्या. तात्या गाडीतून म्हणाले, जपून. त्या बराच वेळ बघत होत्या, खाली धरण दिसतं तिथून, केळीचे मळे, पुढं सपाट मुलूख, असं तात्या सांगत होते, मी बघितलं नाही. मग काकी परत आल्या, बसल्या, आणि म्हणाल्या, हे एवढं होय. आणि पुढं कुन्नूरला, वालपारैला, जिथं गेलो तिथं त्यांचे डोळे उघडे असत, आणि दोघं मिळून मला सांगत, हे बघ, ते बघ, आणि मी म्हणे मला सांगू नका.

तात्या जाऊन आता दोन वर्षं झाली. जेवून आडवे झाले ते उठले नाहीत, त्रास नाही, काही नाही. स्वित्झर्लंड राहिलं. गोदा ओरत्तनाडूला मुलींच्या शाळेत शिकवते, लग्न केलं नाही, तिनंच नको म्हटलं, पोरी तिच्याभोवती असतात, आवाज आता चांगला मोठा झालाय तिचा. गाडी काकींनी माझ्याकडेच ठेवली, म्हणाल्या उभी राहिली तर गंजेल, चालव. सुट्टीत लोकांना घेऊन जातो डोंगरावर. त्यांना म्हणतो, तुम्ही बघा, मला मधे बोलू नका. गेल्या महिन्यापासून गोदाला शिकवतोय मी, कालव्याच्या रस्त्यावर, म्हशी असतात तिथं. काकींना आवडलं नाही. पण बंदही केलं नाही.

तुम्ही परवा निघणार, कोडाई बघून मग पुण्याला जाणार म्हणता. जा. चांगला रस्ता आहे, बघण्यासारखा आहे, मी न बघता सांगतो. पाऊस असला तर एक दिवस थांबा, तुम्हाला कुठं घाई आहे. आणि पोचलात की काकींच्या पत्त्यावर दोन ओळी टाका, तमिळमधे कुणाकडून लिहवून घ्या, त्यांना देवनागरी वाचता येत नाही. ओळखीचं कुणी घाटानं गेलं की ती बाई पोचल्याची वाट बघते, आणि तोवर धड जेवत नाही. सुखानं जा, माझ्या आई, सुखानं पोचा.